उपेक्षित संशोधक : डॉ. सुभाष मुखोपाध्याय

मूल नसलेल्या स्त्रीला समाजाचे टोमणे मुकाट्याने सोसावे लागत. त्या काळात कोलकात्यातील एका डॉक्टरांनी या दुःखावर विज्ञानाच्या साहाय्याने उपाय शोधला. ते म्हणजे डॉ. सुभाष मुखोपाध्याय.

१६ जानेवारी १९३१ रोजी हजारीबाग येथे त्यांचा जन्म झाला. कोलकात्यात वैद्यकीय शिक्षण घेतल्यावर प्रजननशास्त्र हाच त्यांनी आपल्या अभ्यासाचा विषय केला. १९६७ मध्ये एडिंबरो विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून ते मायदेशी परतले व अध्यापन आणि संशोधन करू लागले.

शरीराबाहेर भ्रूण तयार होणे पुरेसे नव्हते. तो गर्भाशयात रुजणे ही खरी कसोटी होती. अधिक स्त्रीबीजे मिळावीत म्हणून संप्रेरके दिली, तर त्याच महिन्यात गर्भाशयाचे अस्तर भ्रूण स्वीकारण्यास अनुकूल असेलच, असे नाही. म्हणून डॉ. मुखोपाध्याय यांनी भ्रूण गोठवून ठेवला आणि पुढील काळात, नैसर्गिक ऋतुचक्रात तो गर्भाशयात सोडला. डॉ. सुनीत मुखर्जी व डॉ. सरोजकांती भट्टाचार्य हे या कार्यात त्यांचे सहकारी होते. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी एका मुलीचा जन्म झाला. दुर्गापूजेच्या सुमारास जन्मलेली ही मुलगी 'दुर्गा' या नावाने ओळखली जाऊ लागली. जगातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी इंग्लंडमध्ये जन्मली, त्याला तेव्हा जेमतेम सव्वादोन महिने झाले होते.

परंतु कौतुकाऐवजी डॉक्टरांच्या वाट्याला अविश्वास आला. राज्य सरकारने नेमलेल्या चौकशी समितीने त्यांचा दावा अमान्य केला. जपानमध्ये जाऊन आपले संशोधन मांडण्याची परवानगीही त्यांना मिळाली नाही. १९८१ मध्ये तर त्यांची बदली नेत्ररोगाच्या संस्थेत करण्यात आली. खचलेल्या मनाने त्यांनी १९ जून १९८१ रोजी आपले जीवन संपविले.

पुढे १९८६ मध्ये मुंबईत जन्मलेल्या बालिकेला भारतातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी मानले गेले. त्या यशात शास्त्रज्ञ डॉ. टी. सी. आनंद कुमार यांचा मोठा वाटा होता. १९९७ मध्ये त्यांनी कोलकात्यात डॉ. मुखोपाध्याय यांची टिपणे वाचली आणि पहिलेपणाचा मान आपला नसून त्यांचा आहे, हे जाहीरपणे मान्य केले. दुर्गानेही मोठेपणी पुढे येऊन आपली ओळख सांगितली.

भ्रूण गोठवून योग्य वेळी गर्भाशयात सोडण्याची पद्धत आज जगभर रूढ झाली आहे. अनेक घरांत त्यामुळे पाळणे हलले आहेत. मात्र ज्यांनी ही वाट दाखविली, त्यांना हे पाहावयास मिळाले नाही.