ताराबाई मोडक : शिकणाऱ्या शिक्षिका

पालघर जिल्ह्याच्या पूर्वेस जव्हार आणि मोखाडा हे डोंगराळ, आदिवासीबहुल तालुके आहेत. पश्चिमेस डहाणूचा किनारा आहे. आदिवासी मुलांना शिकवण्यासाठी शिक्षकाने आधी स्वतः काय शिकावे, या प्रश्नाचा शोध डहाणू तालुक्यातील बोर्डी आणि कोसबाड येथे ताराबाई मोडक यांनी घेतला.

त्यांचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. १९१४ मध्ये ताराबाई पदवीधर झाल्या. पुढे राजकोटच्या महिला अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या. इतरांना शिक्षक घडवणारी व्यक्ती पुन्हा शिकायला बसली, हे त्यांच्या आयुष्यातील महत्त्वाचे वळण होय. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाले.

शहरातील यशाने मात्र त्यांचे समाधान झाले नाही. माँटेसरी पद्धतीची साधने महाग होती. खेड्यातील गरीब मूल त्यापासून दूरच राहत होते. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तेथे त्यांच्या सहकारी झाल्या. पाड्यावरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. 'अंगणवाडी' हा शब्द या अनुभवातून रुजला. शंख-शिंपले, बिया, पाने, माती ही साधने झाली. त्यामुळे विषयांच्या भिंतीही आपोआप खचल्या : गोळा केलेल्या बिया मोजल्या की गणित, त्यांची नावे बोलीत सांगितली की भाषा, त्यांची रांगोळी मांडली की कला. असे शिकवायचे तर शिक्षिकेला आरोग्य, निसर्ग, गाणे आणि मुलांची बोली यांची एकत्र जाण हवी. ती पुस्तकातून पुरेशी येत नाही. म्हणून बालसेविकांचे प्रशिक्षण प्रत्यक्ष कामाच्या जागीच होऊ लागले.

१९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा शेजारी शेजारी होत्या. धाकट्या भावंडाला सांभाळणारी मुलगी त्याला पाळणाघरात ठेवून वर्गात बसू शके. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरे. एका मुलीची गैरहजेरी दूर करण्यासाठी शिक्षक, बालसेविका आणि पाळणाघर या सर्वांना एकत्र विचार करावा लागे.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. अनुताईंनी हे कार्य पुढे नेले. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले.

आज जव्हार-मोखाड्याचे शिक्षकही केंद्राच्या शिक्षण परिषदेत एकत्र येतात. अशा बैठकीत केवळ सूचना वाचल्या गेल्या, तर शिक्षक श्रोता राहतो. वर्गातल्या एका मुलाची अडचण सर्व विषयांच्या शिक्षकांनी मिळून उलगडली, तर तो विद्यार्थी होतो. ताराबाईंच्या चरित्राचे मोल या फरकात आहे.

स्वाध्याय : 'अंगणवाडी' आणि 'कुरणशाळा' या शब्दांच्या घडणीतून ताराबाईंची शिक्षणदृष्टी कशी व्यक्त होते, ते स्पष्ट करा.