मातीतला मुद्राचित्रकार : झाँ-फ्रांस्वा मिले

फ्रान्समधील नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर ग्रुशी नावाची लहानशी वाडी आहे. तेथे ४ ऑक्टोबर १८१४ रोजी, एका शेतकरी कुटुंबात झाँ-फ्रांस्वा मिले यांचा जन्म झाला. घरातील थोरला मुलगा म्हणून नांगर, कुदळ व विळा त्यांच्या हाती लवकरच आले. पुढे शेर्बूर नगरपालिकेच्या विद्यावेतनावर १८३७ मध्ये ते पॅरिसला गेले. पण ते शहर त्यांना कधीच मानवले नाही. १८४९ मध्ये ते फाँतेनब्लोच्या अरण्याकाठी बार्बिझाँ या खेड्यात राहावयास गेले. नऊ मुलांचा संसार त्यांनी तेथेच ओढाताणीत केला.

त्यांची तैलचित्रे जगाला ठाऊक आहेत. मुद्राचित्रांकडे मात्र लक्ष कमी जाते. वस्तुतः शेतीतील श्रमांचे त्यांनी घडविलेले दर्शन सामान्य घरांत पोहोचले ते छापील कागदावरूनच. १८५३ मध्ये त्यांची शेतकामाची दहा चित्रे एका सचित्र साप्ताहिकात प्रसिद्ध झाली. ती लाकडावर कोरली होती आद्रियाँ लाव्हिएय यांनी. गवत कापणारा, पेंढ्या बांधणारी, मळणी करणारा, मेंढीची लोकर कातरणारी अशा एकेका चित्रात एकेकच माणूस आहे, आणि तोही कामात गढलेला.

त्यानंतर काही वर्षांतच मिले स्वतः ताम्रपटाकडे वळले. पटावरील मेणाच्या थरात सुईने रेघा ओढावयाच्या, आम्लाने त्या धातूत उतरवावयाच्या, मग शाई भरून कागदावर ठसा घ्यावयाचा, अशी ही रीत. जमीन खणणाऱ्या दोघांच्या चित्रात चेहऱ्यांना फारसे महत्त्व नाही; सारे सांगतात त्या कमरेत वाकलेल्या पाठी. सरवा वेचणाऱ्या स्त्रियाही १८५७ च्या प्रख्यात तैलचित्राआधी ताम्रपटावर उतरल्या होत्या. या स्त्रियांना पॅरिसच्या काही टीकाकारांनी बंडाची चाहूल मानले. मिले यांनी कोणताही राजकीय झेंडा हाती घेतला नव्हता; पण दारिद्र्य सजवून दाखविण्यास ते तयार नव्हते, आणि टीकाकारांना खटकले ते बहुधा हेच.

१८६९ मध्ये सुनीते व अम्लरेखने यांचा एक संग्रह निघाला. त्यासाठी मिले यांनी सूत कातणाऱ्या गुराखिणीचे चित्र दिले. प्रती ३५० च काढावयाच्या आणि नंतर पट नष्ट करावयाचे, असे ठरले होते. दुर्मीळतेने किंमत वाढते, हा त्यामागील हिशेब. मिले यांना तो रानटी वाटला. रेम्ब्रांटच्या पटांची अशीच गत झाली असती तर काय उरले असते, असे त्यांच्या मनात आले. ज्या कलेचा जीव अनेक प्रतींत आहे, तिचे मूळच खरवडून टाकणे शेतकऱ्याच्या मुलाला पटणे कठीणच होते. पट नष्ट झालेच.

२० जानेवारी १८७५ रोजी बार्बिझाँ येथे मिले यांचे निधन झाले. लाव्हिएय यांच्या कोरीवकामाच्या छापील प्रती मात्र हातोहाती फिरत राहिल्या. १८८९ मध्ये साँ-रेमीच्या मनोरुग्णालयात असलेल्या व्हिन्सेंट व्हॅन गॉग यांनी त्याच काळ्या-पांढऱ्या चित्रांवरून, एकामागून एक, निळ्या-पिवळ्या रंगांत शेतकरी रंगविले.