चंद्राच्या खर्चाची वही

मैत्रिणींनो, चंद्रावर पहिलं पाऊल कुणी ठेवलं, हे शाळेतलं पोरही सांगेल. पण त्या पावलाचा खर्च कुणी मंजूर केला? घरात लग्न निघालं की मांडव दिसतो, वरात दिसते. पैशांची जुळवाजुळव करणारी बाई मात्र आतल्या खोलीत वही घेऊन बसलेली असते. चंद्राचा विषय निघाला की मला अशीच एक बाई आठवते, अमेरिकेच्या सिनेटमधली मार्गारेट चेस स्मिथ.

मेन राज्यातल्या स्काउहेगन या लहानशा गावात १८९७ साली तिचा जन्म झाला. वडील न्हावीकाम करायचे. सहा भावंडांत ही थोरली, त्यामुळे शाळेत असतानाच दुकानात कामाला लागली. कॉलेजचं तोंड काही तिनं पाहिलं नाही. थोडे दिवस मास्तरीण झाली, टेलिफोन ऑपरेटर झाली, गावच्या वर्तमानपत्रात आणि लोकरीच्या गिरणीत नोकरी केली. १९३० मध्ये क्लाइड स्मिथ या राजकारणी माणसाशी लग्न झालं. तो १९३६ मध्ये संसदेच्या खालच्या सभागृहात निवडून गेला आणि ही त्याची सेक्रेटरी झाली. १९४० मध्ये तो वारला आणि त्याच्या जागी ती निवडून आली.

नवऱ्याच्या जागेवर बायको आली की लोक धरूनच चालतात, ही काय चार दिवसांची पाहुणी! ही पाहुणी जवळजवळ तेहतीस वर्षं राहिली. १९४८ मध्ये ती सिनेटवर निवडून आली आणि दोन्ही सभागृहांत बसलेली अमेरिकेतली पहिली स्त्री ठरली. आता तिला मार्गारेटबाईच म्हणायला हवं. १९५० मध्ये जोसेफ मॅकार्थी हा त्यांच्याच पक्षाचा सिनेटर कुणालाही कम्युनिस्ट ठरवून बदनाम करत होता. भलेभले गप्प असताना या बाई सिनेटमध्ये उभ्या राहून त्या प्रकाराविरुद्ध बोलल्या.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियानं स्पुटनिक सोडला आणि अमेरिका हादरली. १९५८ मध्ये कायदा होऊन ‘नासा’ स्थापन झाली. अंतराळाच्या कामावर देखरेख ठेवायला सिनेटनं कायमची समिती नेमली. त्या समितीत मार्गारेटबाई सुरुवातीपासून होत्या. नासानं दरवर्षी आपला कार्यक्रम आणि खर्च या समितीपुढे मांडायचा, सदस्यांनी खोदून प्रश्न विचारायचे आणि मगच गाडी पुढे सरकायची.

१९६१ मध्ये अध्यक्ष केनेडींनी दशक संपायच्या आत चंद्रावर माणूस उतरवायचं जाहीर केलं. घोषणा एका दिवसात होते हो, पैसे मात्र वर्षानुवर्षं द्यावे लागतात. केनेडी डेमोक्रॅट, बाई विरोधी रिपब्लिकन पक्षाच्या. तरीही त्यांनी चंद्रमोहिमेला पाठिंबा दिला. १९६६ मध्ये तर केंद्र सरकारच्या दर शंभर डॉलरमागे चारांहून जास्त डॉलर नासाकडे जात होते. एकीकडे व्हिएतनामचं युद्ध, दुसरीकडे देशातली गरिबी. खरं सांगू? मी तिथे असते तर म्हटलं असतं, आधी पोटाचं बघा, चंद्राचं मग.

आणि मग २७ जानेवारी १९६७ चा दिवस आला. जमिनीवरच सराव चालू असताना अपोलोच्या यानात आग लागली. आत नुसता ऑक्सिजन भरलेला, दार आतल्या बाजूला उघडणारं. ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी हे तिघे अंतराळवीर गेले. सिनेटच्या समितीनं चौकशी केली. मार्गारेटबाई तेव्हा समितीतल्या विरोधी पक्षाच्या सर्वात ज्येष्ठ सदस्य होत्या. सरकारला कोंडीत पकडायला याहून सोपी संधी कुठली? पण समितीनं चुका मांडल्या, तारखेपेक्षा माणसाचा जीव मोठा हे बजावलं आणि मोहीम चालू ठेवायला सांगितलं. यानाचं दार बदललं, आतली हवा बदलली. २० जुलै १९६९ रोजी माणूस चंद्रावर उतरला. त्या काळात बरीच वर्षं नासाचे प्रमुख असलेल्या जेम्स वेब यांनी तर कबूलच केलं होतं, की या बाई नसत्या तर अमेरिकेचा माणूस चंद्रावर पोचलाच नसता.

एक गोष्ट मात्र मनाला टोचते. ज्या मोहिमेचा खर्च एक बाई तपासत होती, तिच्या यानात बाईला जागा नव्हती. नासानं स्त्रियांना अंतराळवीर म्हणून निवडलं ते थेट १९७८ मध्ये.

मार्गारेटबाई रोज लाल गुलाब लावून सभागृहात यायच्या. १९५५ ते १९६८ या काळात त्यांनी सलग २,९४१ मतदानांत भाग घेतला, एकही चुकवलं नाही. खंड पडला तो खुब्याच्या ऑपरेशनमुळे. १९७२ ची निवडणूक त्या हरल्या. त्याच डिसेंबरात अपोलोची शेवटची चांद्रसफर झाली आणि जानेवारीत बाईंनी सभागृह सोडलं. १९९५ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी, आपल्या गावातच त्यांनी डोळे मिटले.

तुमच्यापैकी कितीतरी जणी बचत गटाचा हिशेब ठेवतात, ग्रामपंचायतीच्या बैठकीला जातात. वही पुढ्यात आली की न वाचता सही करू नका. रोज हजर राहा आणि विचारायचं ते विचारा. चंद्राचासुद्धा हिशेब असाच झाला होता.