विश्लेषण : पकडलेला मोठा मासा जिवंत सोडायचा तो कशासाठी? हौशी मासेमारीची रीत बदलणारे ली वुल्फ

कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्यावरील प्रांतांत १९८४ मध्ये एक नियम लागू झाला. हौसेने गळ टाकणाऱ्याला ६३ सेंटिमीटर किंवा त्याहून लांब सॅमन मासा लागला, तर तो जिवंत परत सोडायचा; घरी न्यायचा तो लहान. मोठा मासा मिळावा म्हणूनच तर लोक दूरवरून तिथे येत, आणि नेमका तोच हातातून सोडून द्यायचा होता. नियम सरकारने केला. पण मासा सोडण्यात कमीपणा नाही, हे लोकांच्या गळी उतरवण्याचे काम ४५ वर्षे आधीच सुरू झाले होते. ते करणाऱ्यांत अमेरिकेचे ली वुल्फ यांचे नाव सर्वांत आधी घेतले जाते.

कोण होते ली वुल्फ?

जन्म १९०५ चा, अलास्कातील व्हॅल्डेझ गावचा. पूर्ण नाव हेन्री लिओन वुल्फ. स्टॅनफर्ड विद्यापीठातून इंजिनीअरिंगची पदवी घेतली, पण नोकरीला लागण्याऐवजी ते पॅरिसला चित्रकला शिकायला गेले. परतल्यावर न्यूयॉर्कमध्ये जाहिरातींसाठी चित्रे काढू लागले आणि उरलेला वेळ नदीवर घालवू लागले.

दोन्ही शिक्षणे तिथे कामी आली. ट्राऊट आणि सॅमनसाठी पिसांपासून बनवलेली नकली माशी गळाला बांधतात. ती खळाळत्या पाण्यात लगेच बुडे. वुल्फ यांनी पंखांसाठी पिसांऐवजी हरणाच्या शेपटीचे केस वापरले आणि माशी तरंगू लागली. त्यांच्या नावाच्या या माश्या आजही विकल्या जातात. सामान ठेवायला बाहेरून खिसेच खिसे असलेले जाकीट त्यांनी १९३१ च्या सुमारास स्वतः शिवले. आज जगभरचे हौशी मासेमार तसेच जाकीट घालतात.

मासा सोडण्याची कल्पना त्यांचीच का?

नाही. ब्रिटनमध्ये खाण्याच्या कामाचे नसलेले मासे वजन करून परत सोडण्याची पद्धत आधीपासून होती. पण सॅमन किंवा ट्राऊट म्हणजे मेजवानी. तो सोडणारा वेडाच ठरला असता. वुल्फ यांनी १९३९ मध्ये गोड्या पाण्यातील मासेमारीवर एक मार्गदर्शक पुस्तक लिहिले. चांगला झुंजार मासा एकाच माणसाच्या ताटात संपवणे परवडणारे नाही, तो आणखी कुणाच्या तरी गळाला लागायला हवा, असा त्यातला युक्तिवाद होता. तो भूतदयेचा नव्हता, हिशेबाचा होता. लोकांना तो पटला याचे कारण बहुधा तेच असावे.

अटलांटिक सॅमनला हा हिशेब चपखल बसतो. पॅसिफिक महासागरातील सॅमन अंडी घालून मरतात. अटलांटिक सॅमनपैकी काही मात्र समुद्रात परततात आणि पुन्हा नदीत येतात. मादी किलोमागे साधारण दीड हजार अंडी घालते. म्हणजे दहा किलोची मादी मारली, तर त्या हंगामातली पंधरा हजार अंडी गेली.

मोठा मासा हाताळायचा कसा?

वुल्फ यांचे खरे योगदान इथे आहे. त्या काळी थकलेला सॅमन काठावर आणायला लोखंडी आकडा त्याच्या अंगात खुपसत. असा मासा सोडून तरी काय उपयोग? सॅमनच्या शेपटीचे मूळ अरुंद आणि कडक असते, हाताची पकड तिथे घट्ट बसते. आकडा बाजूला ठेवून तिथेच हाताने धरायचे, ही पद्धत वुल्फ यांनी रुळवली. १९४० च्या दशकात त्यांनी न्यूफाउंडलंडमध्ये (हा प्रदेश तेव्हा कॅनडात सामील झालेला नव्हता) मासेमारीचे कॅम्प चालवले. तरंगते विमान स्वतः उडवत त्यांनी तिथल्या दुर्गम नद्या धुंडाळल्या आणि चित्रफिती काढल्या. पुस्तक न वाचणाऱ्यांनाही पडद्यावर दिसले, की मासा न मारताही माणूस शूर दिसू शकतो.

हाताळणीचे पुढचे नियम अनुभवातून आणि संशोधनातून पक्के होत गेले. हात ओले करूनच मासा धरावा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी, जंतू शिरतात. गळाच्या टोकाचा उलटा काटा आधीच दाबून टाकावा, म्हणजे गळ चटकन सुटतो. कल्ल्यांत बोटे घालू नयेत. मोठा मासा जबड्याला धरून उभा लटकवू नये, कारण पाण्यात तोलले जाणारे त्याचे वजन हवेत जबड्यावर आणि मणक्यावर येते. दमलेल्या माशाचे तोंड प्रवाहाकडे करून त्याला आधार द्यावा आणि तो स्वतःहून निघेपर्यंत थांबावे.

फोटोपुरता बाहेर काढला तर काय बिघडते?

बरेच बिघडते. पाण्याबाहेर कल्ल्यांचे नाजूक पदर एकमेकांना चिकटतात आणि प्राणवायू घेणे जवळपास थांबते. झुंजीने अंगात लॅक्टिक आम्ल साठलेले असते, तेव्हाच हा घाला येतो. कॅनडातील दोन संशोधकांनी १९९२ मध्ये रेनबो ट्राऊटवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. नुसते दमवलेल्या माशांपैकी १२ टक्के बारा तासांत मेले. दमवून ३० सेकंद हवेत धरलेल्यांपैकी ३८ टक्के मेले, तर ६० सेकंद धरलेल्यांपैकी ७२ टक्के. मोबाइल काढून कॅमेरा उघडेपर्यंत अर्धा मिनिट सहज जातो. शिवाय मासा सोडल्यावर पोहत जातो आणि मग कुठेतरी मरतो, त्यामुळे सोडणाऱ्याला समाधान तेवढे मिळते. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो. सॅमनच्या नदीचे तापमान २० अंशांपलीकडे गेले, की गळ न टाकणेच बरे.

आपल्याकडचा महसीरही असाच मोठा, झुंजार मासा. लोणावळ्याला टाटा पॉवरच्या केंद्रात त्याची पिल्ले तयार करून नद्या-तलावांत सोडली जातात. तिथून वाढलेला मासा गरीला लागला, तर वरच्या सगळ्या गोष्टी त्यालाही लागू पडतात.

मग वुल्फ यांचे सगळेच बरोबर होते?

इथे थोडे थांबायला हवे. वुल्फ यांना हलक्या सामानाचे भारी वेड. जेमतेम सहा फुटी बांबूच्या काठीने ते मोठाले सॅमन काढत. १९६७ मध्ये इक्वेडोरजवळ त्यांनी १४८ पौंडांचा पट्टेरी मार्लिन अवघ्या १२ पौंड ताकदीच्या दोऱ्यावर काढला. कसब म्हणून ते थोरच. पण दोरा जितका नाजूक, तितकी झुंज लांबते आणि मासा तितका अधिक थकतो. मासा सोडायचाच असेल तर सामान दणकट हवे, असे आजचे शास्त्र सांगते. विक्रमाची हौस आणि माशाचा जीव यांचे इथे जमत नाही, आणि वुल्फ यांच्या आयुष्यात या दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी होत्या.

हौशी मासेमारांनी सोडलेले मासे समुद्रातल्या व्यापारी जाळ्यांत जाणार असतील तर उपयोग काय, हा प्रश्न त्यांनाही पडत होता. म्हणून त्या जाळ्यांविरुद्धही ते बोलत राहिले. २८ एप्रिल १९९१ रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी, वैमानिकाच्या परवान्यासाठी उड्डाण करत असताना न्यूयॉर्क राज्यातील हँकॉक इथे त्यांचे विमान कोसळले आणि त्यांचा मृत्यू झाला. पुढच्याच वर्षी न्यूफाउंडलंडमधील सॅमनची व्यापारी मासेमारी बंद करण्यात आली.