बेडन-पॉवेल यांचे शिबिर आणि आपले



शाळेच्या आजच्या स्काउट-गाईड पथकाला आपल्या बॅचतर्फे दोन रात्रींचे शिबिर भेट द्यायचे ठरले, हे तुम्हांला ठाऊक आहेच. एक दिवस पाठीवर सामान घेऊन डोंगरातली चाल, दुसऱ्या दिवशी धरणाच्या पाण्यात होडी वल्हवणे. मी सॉफ्टवेअरवाली म्हणून आखणी माझ्या गळ्यात पडली. मी एक्सेलची बारा पाने भरली. ती पाहून आपल्या गाईडच्या बाईंनी एवढेच विचारले, की यात मुली स्वतः काय करणार आहेत? मला उत्तर सुचले नाही. मग ज्यांच्या फोटोला आपण दर २२ फेब्रुवारीला हार घालायचो, त्या बेडन-पॉवेल यांचे चरित्र मी पहिल्यांदाच नीट वाचले.

रॉबर्ट बेडन-पॉवेल यांचा जन्म १८५७ साली लंडनमध्ये झाला. ते तीन वर्षांचे असताना वडील, ऑक्सफर्डचे प्राध्यापक, वारले. आई हेन्रिएटा यांनी मोठे कुटुंब एकटीने सांभाळले आणि मुलांना उंडारायला मोकळीक दिली. चार्टरहाउस शाळेजवळच्या रानात जायला बंदी होती. हा मुलगा तिथेच लपून ससे पकडी आणि धूर दिसणार नाही अशा बेताने चूल पेटवून शिजवी. सुट्टीत भावांबरोबर त्याने घडीची कॅनव्हासची होडी घेऊन थेम्स नदी उगमाकडे पालथी घातली. पाणी संपले तिथे होडी खांद्यावर घेऊन डोंगर ओलांडला, पलीकडे एव्हन नदीत सोडली आणि पुढे सेव्हर्न, वाय करत सगळे वेल्समधल्या घरी पोचले. मोठा भाऊ वॉरिंग्टन या होडीवाल्यांचा म्होरक्या. वल्हे, पाठीवरचे ओझे आणि मुक्कामाचा तंबू हे तिन्ही बेडन-पॉवेल यांनी कुठल्या वर्गात नव्हे, असे शिकून घेतले.

१८७६ मध्ये ते सैन्यात अधिकारी झाले आणि पहिली नेमणूक मिळाली ती आपल्या लखनौला. पुढे बोअर युद्धात मॅफेकिंगचा वेढा त्यांनी २१७ दिवस झुंजवला आणि १९०० साली इंग्लंडमध्ये ते घराघरांत पोचले. वेढ्यात गावातली मुले सायकलवरून निरोप पोचवत. त्याच वेढ्यात आफ्रिकी रहिवाशांच्या वाट्याला तुटपुंजा शिधा आला आणि त्यांची उपासमार झाली, हेही विसरता येत नाही.

परतल्यावर त्यांना दिसले, की टेहळणीवर सैनिकांसाठी लिहिलेले त्यांचे पुस्तक शाळांमधून मुलांना शिकवले जात आहे. मग मुलांसाठी वेगळे लिहायचे ठरले. पण त्याआधी त्यांनी कल्पना वापरून पाहिली. आमच्या भाषेत, आधी चाचणी. ऑगस्ट १९०७ मध्ये पूल बंदरातल्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुले आठवडाभर राहिली. काही बड्या शाळांमधली, काही गावातल्या कामकरी घरांतली. पहिल्यांकडून एक पौंड घेतला, दुसऱ्यांकडून साडेतीन शिलिंग. लांडगे, बैल, कावळे आणि कर्ल्यू पक्षी अशी नावे देऊन चार संघ केले आणि प्रत्येक संघ त्यातल्याच एका मुलाच्या हाती दिला. प्रत्येक दिवसाला एक विषय: तंबू-चूल, निरीक्षण, रानाची ओळख, जीव वाचवणे. दुपारी सक्तीची विश्रांती. रात्री एकेक संघ पीठ, बटाटे, मांस असा कोरडा शिधा घेऊन दूर मुक्कामाला जाई आणि आपले आपण शिजवून खाई. म्हणजे आखणी काटेकोर होती, पण तिच्या मधोमध मुलांसाठी मोकळी जागा राखलेली होती. माझ्या बारा पानांत नेमकी तीच नव्हती.

पुढच्या वर्षी ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ भागाभागाने निघाले आणि मुले स्वतःच संघ बांधू लागली. १९०९ च्या क्रिस्टल पॅलेसच्या मेळाव्यात मुलीही येऊन उभ्या राहिल्या, कोणी बोलावले नसताना. १९१० मध्ये बहीण अ‍ॅग्नेसच्या मदतीने गर्ल गाईड्स सुरू झाले. आपला निळा गणवेश त्या आगाऊ मुलींचा वारसा. भारतात मात्र सुरुवातीला भारतीय मुलांना दार बंद होते. अ‍ॅनी बेझंट आणि पंडित मालवीय यांनी वेगळी पथके काढली, तेव्हा कुठे चित्र पालटले.

चरित्राबरोबर चळवळीचा इतिहास वाचताना एका तारखेशी मी थांबले. ४ ऑगस्ट १९१२ रोजी लंडनच्या वॉलवर्थ भागातले एक पथक शिडाच्या बोटीने समुद्रकाठच्या लेसडाउनला शिबिरासाठी निघाले होते. किनारा जवळ आला असताना अचानक वाऱ्याचा झोत आला, बोट उलटली आणि नऊ मुले बुडाली. त्या रात्री मी एक्सेल उघडलेच नाही. मुलांना मोकळीक द्यायची म्हणजे नेमकी कशात, हे ठरवल्याशिवाय पुढे जाता येत नव्हते.

बेडन-पॉवेल ८ जानेवारी १९४१ रोजी केनियात न्येरी येथे गेले. त्यांच्या थडग्यावर वर्तुळ आणि मध्ये ठिपका आहे. मागखुणांमध्ये त्याचा अर्थ, मी घरी गेलो. ही खूण आपण मैदानावर चुन्याने काढायचो.

आठवीच्या शिबिरात आमच्या संघाची खिचडी करपली, तेव्हा बाई पाच पावलांवर बसून होत्या आणि उठल्या नाहीत. त्या रात्री आम्ही करपलेलीच खाल्ली. मात्र विहिरीच्या काठाला त्यांनी एकीलाही जाऊ दिले नव्हते. तेव्हा त्या मला कठोर वाटल्या होत्या.

आता बारा पानांची दोन झाली आहेत. पहिल्यावर मोठ्यांनी ठरवायचे: वारा वाढला तर होडी पाण्यात जाणार नाही, जॅकेटशिवाय कोणी बसणार नाही, सोबत बचावाची होडी राहील. यात चर्चा नाही. दुसऱ्या पानावर जेवण, ओझ्याची वाटणी, वाटेतले थांबे आणि रात्रीची राखण अशी शीर्षके आहेत. त्यांखालची जागा कोरी आहे. ती संघनायिका भरतील. खिचडी करपली तर करपू दे.

बाईंनी दोन्ही पाने पाहून मान डोलावली आहे. बचावाच्या होडीवर बसायला उत्तम पोहणारी दोन माणसे हवी आहेत. मेळाव्यात मला गाठा.