हिमवर्षावातले २८९ किलोमीटर

मिलान-सान रेमो ही सायकल शर्यत युरोपात वसंताची शर्यत म्हणून ओळखली जाते. उत्तर इटलीच्या धुकट मैदानी प्रदेशातून निघायचे, तुर्किनोची खिंड ओलांडून समुद्रकिनारा गाठायचा आणि फुलांच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेल्या सान रेमोत पोहोचायचे, असा हा मार्ग. ३ एप्रिल १९१० रोजी मात्र वसंत केवळ दिनदर्शिकेवरच होता. थंडी आणि पावसात ६३ स्पर्धकांनी मिलान सोडले, तेव्हा पुढे खिंडीत बर्फ साचत होते. अंतर होते २८९ किलोमीटर. म्हणजे जवळपास मुंबईहून पुण्याला जाऊन त्याच दिवशी परत येण्याइतके.

या ६३ जणांत यूजेन क्रिस्तोफ हा २५ वर्षांचा फ्रेंच सायकलपटू होता. पुढे फ्रान्सने त्याला डोक्यावर घेतले, पण ते त्याच्या पराभवांसाठी. त्याचा सर्वांत मोठा विजय या एप्रिलच्या दिवशी झाला आणि त्याची किंमत त्याच्या शरीराने दीर्घकाळ मोजली.

२२ जानेवारी १८८५ रोजी पॅरिसच्या वेशीवरील मालाकॉफ या वस्तीत क्रिस्तोफचा जन्म झाला. लहान वयातच तो कुलपे बनवण्याच्या कामाला लागला. लोखंड तापवणे, ठोकणे, कानशीने घासणे हे त्याच्या हातांना सायकलच्या शर्यतींआधीच ठाऊक झाले होते. १९०६ मध्ये तो प्रथमच टूर द फ्रान्समध्ये उतरला आणि नववा आला. पण तो खरा घडला हिवाळ्यातल्या सायक्लोक्रॉसमध्ये. शेतांतून, चिखलातून सायकल चालवायची आणि चाक रुतले की ती खांद्यावर टाकून धावायचे, असा हा प्रकार. त्याचे फ्रान्सचे राष्ट्रीय विजेतेपद क्रिस्तोफने १९०९ ते १९१४ अशी सलग सहा वर्षे मिळवले. गारठा आणि चिखल यांच्याशी त्याची जुनी ओळख होती, असे म्हणायला हरकत नाही.

तुर्किनोने मात्र ही ओळख मोडीत काढली. खिंडीची उंची जेमतेम ५३२ मीटर. आल्प्सच्या मानाने ती टेकडीच म्हणायची. पण तिच्या चढावर वाऱ्याने आणि बर्फाने स्पर्धकांना गाठले. अंगात लोकरीची जर्सी आणि आखूड विजार, दोन्ही पावसाने आधीच भिजलेली. आजच्यासारखे गिअर नव्हते. चढ अवघड झाला की उतरायचे आणि सायकल ढकलत चालायचे. क्रिस्तोफची बोटे ताठरली, पाय बधिर झाले, अंग थरथरू लागले. आघाडीवर असलेला बेल्जियमचा सिरील व्हॅन हाउवार्ट त्याच्या काही मिनिटे पुढे होता. खिंडीच्या माथ्यावर बोगदा आहे. तो पार करून क्रिस्तोफ पलीकडे आला तो सगळा मुलूख पांढरा झालेला. थोडे अंतर जातो न जातो तोच समोरून व्हॅन हाउवार्टच परत येताना दिसला. अंगावर कोणाचा तरी झगा, हातात सायकल. त्याने शर्यत सोडली होती.

आता आघाडीवर क्रिस्तोफ होता, पण त्याला पुढे जाता येईना. पोटात कळा येऊ लागल्या. एका हाताने सायकल धरून, दुसऱ्या हाताने पोट आवळून तो रस्त्याकडेच्या दगडावर टेकला. शर्यतीबद्दल लिहिणारे बहुतेक जण या ठिकाणी त्याच्या जिद्दीचे गोडवे गातात. वस्तुतः त्या क्षणी तिथे जिद्दीचा प्रश्नच नव्हता. भिजलेला, गोठत चाललेला माणूस बर्फात बसून राहिला की फार वेळ तग धरत नाही. योगायोगाने एक वाटसरू तिथून जात होता, म्हणून क्रिस्तोफ वाचला. घर या अर्थाचा तेवढा एक इटालियन शब्द क्रिस्तोफच्या तोंडून निघाला. त्या माणसाने त्याला आधार देत जवळच्याच एका छोट्या खानावळीत नेले.

खानावळवाल्याने त्याचे ओले कपडे उतरवले, त्याला घोंगडीत गुंडाळले आणि गरम रम पाजली. क्रिस्तोफ खोलीत हातपाय झटकत, व्यायाम करत अंगात ऊब आणू लागला. एवढ्यात व्हॅन हाउवार्ट आणि अर्नेस्ट पॉल हेही तिथेच येऊन थडकले. दोघे इतके गारठले होते की त्यांनी हात जवळजवळ ज्वाळांतच घातले. पॉलच्या पायातला एक बूट वाटेत गळून पडला होता आणि त्याला ते समजलेही नव्हते.

खिडकीतून क्रिस्तोफला चिखलाने माखलेले चार स्पर्धक पुढे जाताना दिसले. अवघ्या पंचवीस मिनिटांच्या विसाव्यानंतर तो निघायची तयारी करू लागला. खानावळवाला त्याला सोडायला राजी नव्हता, आणि त्याचे काही चुकत होते असे म्हणता येणार नाही. शेवटी पुढच्या गावातून आगगाडीने जाणार असल्याची थाप मारून क्रिस्तोफने सुटका करून घेतली. खाली व्होल्त्रीला समुद्र लागतो. तिथून पुढे सावोनामार्गे किनाऱ्याने शंभर किलोमीटरहून अधिक रस्ता उरला होता. या रस्त्यावर त्याने पुढे गेलेल्यांना एकेक करून गाठले आणि मागे टाकले. मग समोर कोणी दिसेना आणि मागेही कोणी नाही. आपण वाट चुकलो की काय, ही शंका त्याला सान रेमोपर्यंत छळत राहिली.

१२ तास २४ मिनिटांनी त्याने शर्यत जिंकली. त्याच्यानंतर सुमारे ३९ मिनिटांनी आलेला लुइगी गान्ना काही अंतर मोटारीतून आल्याचे उघड होऊन बाद झाला. त्यामुळे दुसरा क्रमांक मिळालेला जोव्हानी कोकी विजेत्यापेक्षा तासाभराने मागे होता. ६३ पैकी केवळ चार जणांची नोंद शर्यत पूर्ण करणारे म्हणून झाली.

विजेत्याचा पुढचा एक महिना रुग्णालयात गेला. हिमदंशाने हात निकामी होतात की काय अशी स्थिती होती, आणि पूर्वीची प्रकृती परत यायला जवळपास दोन वर्षे लागली. पंचविशी ते सत्ताविशी हा सायकलपटूच्या भर ताकदीचा काळ. तो त्याने एका दिवसाच्या विजयापायी गमावला. रस्त्यावर तो पुन्हा खऱ्या अर्थाने दिसला १९१२ च्या टूरमध्ये. सलग तीन टप्पे जिंकून तो एकंदरीत दुसरा आला.

यानंतरची कथा फ्रान्समध्ये शाळकरी मुलांनाही ठाऊक असे. १९१३ च्या टूरमध्ये पिरेनीज पर्वतातल्या तुरमाले खिंडीच्या उतारावर त्याच्या सायकलचा चिमटा, म्हणजे पुढचे चाक धरून ठेवणारा फोर्क, तुटला. बाहेरची मदत घ्यायला नियमांची सक्त मनाई होती. सायकल खांद्यावर घेऊन तो दहा किलोमीटरहून अधिक अंतर उतरून सेंट मारी द कांपान या गावी आला आणि तिथल्या लोहाराच्या भट्टीवर, पंचांच्या डोळ्यांसमोर, त्याने स्वतः चिमटा जोडला. लहानपणी शिकलेली कारागिरी कामी आली. पण भाता मारायला तिसरा हात कुठून आणणार? एका मुलाने भाता मारला, आणि या मदतीबद्दलही पंचांनी त्याला दंडाची मिनिटे लावली. नियम तो नियम हे खरे. तरी हा दंड आजही वाचणाऱ्याला टोचतो. विजयाची संधी कित्येक तासांनी हुकली आणि तो सातवा आला.

महायुद्धानंतरच्या १९१९ च्या टूरमध्ये तो ३४ वर्षांचा होता. आघाडीवीराला गर्दीत ओळखता यावे म्हणून आयोजकांनी पिवळी जर्सी काढली, आणि १९ जुलै रोजी ग्रेनोब्लमध्ये ती पहिल्यांदा क्रिस्तोफच्या अंगावर चढली. रस्त्यावरचे लोक पिवळ्या पक्ष्याची उपमा देऊन चेष्टा करतात, अशी त्याची तक्रार असे. सुमारे २८ मिनिटांची आघाडी घेऊन तो मेट्झ ते डंकर्क या ४६८ किलोमीटरच्या टप्प्यावर निघाला. वाटेत व्हॅलेन्सिएनजवळ चिमटा पुन्हा तुटला. पुन्हा स्वतःच दुरुस्ती. शेवटी तो तिसरा आला. लोकांनी मात्र वर्गणी काढून त्याच्या हाती १३ हजारांहून अधिक फ्रँक ठेवले. विजेत्या फर्मिन लांबोचे बक्षीस होते ५ हजार. १९२२ मध्ये गालिबिए खिंडीच्या उतारावर तिसऱ्यांदा तेच घडले. टूर त्याला कधीच जिंकता आली नाही.

तरीही तो खेळत राहिला. १९२० मध्ये त्याने बोर्दो-पॅरिस आणि पॅरिस-तूर या शर्यती जिंकल्या; चाळिशीत, १९२५ साली, शेवटची टूर खेळला. पाय पेडलवर घट्ट धरून ठेवणाऱ्या टो-क्लिप आणि त्यांचे चामडी पट्टे त्याच्या नावाने बाजारात आले. १ फेब्रुवारी १९७० रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी त्याचे निधन झाले. त्यानंतरही कित्येक वर्षे युरोपातले सायकलपटू शर्यतीआधी वाकून क्रिस्तोफ अशी अक्षरे कोरलेला पट्टा आवळत असत.