रिचर्ड कुरांट : आठव्या हिश्शाचे गणित

पूल, धरणे, विमाने यांच्या संकल्पनात अपरिहार्य ठरलेल्या फायनाइट एलिमेंट पद्धतीचा उगम शोधू लागले की रिचर्ड कुरांट हे नाव हमखास समोर येते. ८ जानेवारी १८८८ रोजी तत्कालीन जर्मनीतील आणि आता पोलंडमध्ये असलेल्या लुब्लिनिट्झ येथे एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. ग्योटिंगेन विद्यापीठात डेव्हिड हिल्बर्ट यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९१० मध्ये डॉक्टरेट मिळवली. पहिल्या महायुद्धात जर्मनीच्या बाजूने लढताना ते जखमी झाले. पुढे ग्योटिंगेनच्या गणित संस्थेचे ते आधारस्तंभ बनले. १९२९ मध्ये संस्थेची नवी वास्तू उभी राहिली. मात्र १९३३ मध्ये नाझी राजवटीने त्यांना सक्तीच्या रजेवर पाठवले. आघाडीवर सांडलेले रक्तही कामी आले नाही. केंब्रिजमार्गे १९३४ मध्ये ते न्यूयॉर्क विद्यापीठात दाखल झाले.

अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीपुढे १९४१ मध्ये दिलेले त्यांचे व्याख्यान १९४३ मध्ये प्रसिद्ध झाले. पोकळ चौरस छेदाच्या दांड्याला पीळ दिल्यास तो किती विरोध करतो, हा प्रश्न त्याच्या परिशिष्टात होता. कुरांट यांनी छेदाचे त्रिकोण पाडले. चार सममिती-अक्षांमुळे छेदाचा केवळ आठवा हिस्सा सोडवणे पुरेसे होते. प्रतिबल दर्शवणाऱ्या फलनाचे मूल्य बाहेरच्या कडेवर शून्य. आतल्या कडेवर ते अज्ञात, पण सर्वत्र सारखेच, हे बंधन. त्यामुळे आतल्या कडेवरील सगळ्या बिंदूंसाठी मिळून एकच अज्ञात उरले. संगणक हाताशी नसलेल्या त्या काळात ही काटकसर मोलाची होती.

अभियंत्यांचे मात्र या परिशिष्टाकडे लक्ष गेले नाही. टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांनी विमानाच्या रचनेचा अभ्यास करताना त्रिकोणांचीच वाट स्वतंत्रपणे शोधली. त्यांचा निबंध १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. क्लफ यांनी १९६० मध्ये या पद्धतीला तिचे आजचे नाव दिले.

न्यूयॉर्कमध्ये कुरांट यांनी उभारलेल्या संस्थेला १९६४ मध्ये त्यांचेच नाव देण्यात आले. २७ जानेवारी १९७२ रोजी त्यांचे निधन झाले. आजचा संगणक लाखो अज्ञातांची समीकरणे लीलया सोडवतो. तरीही आकार, भार आणि आधार सममित आहेत का, हे पारखूनच रचनेचा तुकडा निवडावा लागतो आणि कापलेल्या कडेवर अचूक बंधन घालावे लागते. तेथे चूक झाली, तर उत्तर नेटके दिसते, पण ते दुसऱ्याच रचनेचे असते. हा विवेक यंत्राकडे नव्हे, अभियंत्याकडेच असावा लागतो.